शेवंती दरवर्षी फुलवायची तर: काश्या, शेंडे आणि रात्रीचा अंधार

जानेवारी सरता सरता शेवंतीची फुलं करपतात, पानं खालून काळी पडत जातात आणि बऱ्याच घरांतून कुंडीसकट झाड बाहेर जातं. खरं तर त्या वेळी झाड मेलेलं नसतं. फुललेली काडी संपलेली असते, पण बुंध्याभोवती मातीतून कोवळे हिरवे फुटवे वर येत असतात. त्यांना काश्या म्हणतात. शेवंती बहुवर्षायू आहे ती या काश्यांच्या जोरावर. जुना खोडका लाकडासारखा होतो, त्यातून पुन्हा चांगला बहर येत नाही. म्हणून जुनं झाड जपत बसायचं नाही. त्याच्या काश्या घ्यायच्या, त्या उन्हाळ्यातून सुखरूप बाहेर काढायच्या आणि पावसाळ्यात त्यांचं नवं झाड करायचं. हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळा वेळापत्रकाचा भाग आहे.

बहर संपल्यावर

शेवटची फुलं सुकली की सगळ्या काड्या मातीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर धारदार कात्रीने छाटा. वाळलेली पानं आणि गळलेल्या पाकळ्या कुंडीतून उचलून टाका, बुरशी तिथेच दडून राहते. वरची दोन बोटं माती हलकी उकरून एक मूठ जुनं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा आणि कुंडी सकाळचं ऊन येईल अशा जागी ठेवा. दोन-तीन आठवड्यांत काश्या जोमाने वर येतात.

त्या हातभर वाढेपर्यंत थांबू नका. ८ ते १० सेंटिमीटर उंचीच्या, स्वतःची मुळं फुटलेल्या काश्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुट्या करा. झाड कुंडीतून काढा, माती झटका आणि बुंध्यापासून थोड्या लांब, कडेला आलेल्या काश्या मुळासकट कापून घ्या. कडेच्या काश्या जोमदार असतात. बुंध्याला चिकटून आलेल्या बारीक, पिवळसर काश्या सोडून द्या. प्रत्येक काशी चार इंची कुंडीत किंवा छोट्या पिशवीत लावा. चारचौघांच्या बागेला प्रत्येक रंगाच्या पाच-सहा काश्या पुरतात, कारण उन्हाळ्यात एक-दोन जातातच आणि पुढे त्यांच्यापासून कलमं करायचीच आहेत.

उन्हाळा

शेवंती बहुतेकदा एप्रिल-मेमध्ये मरते, आणि तहानेपेक्षा जास्त वेळा ती पाण्याने मरते. दुपारच्या झळांनी पानं मान टाकतात, ते बघून पाणी घातलं जातं, माती आधीच ओली असते, गरम ओल्या मातीत मुळं कुजतात, मग पानं आणखी मान टाकतात. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर पाणी नको, सावली हवी. संध्याकाळी पानं पुन्हा ताठ झाली तर झाड ठीक आहे. सकाळीही मान खाली असेल आणि माती ओली असेल तर मुळं कुजायला लागली आहेत. अशा वेळी झाड वाचवण्याच्या मागे न लागता वरचा निरोगी शेंडा कापून त्याचं कलम करा.

सकाळी दहापर्यंतचं ऊन आणि नंतर सावली, ही जागा उत्तम. विदर्भ-मराठवाड्यात मात्र तेवढ्याने भागत नाही, तिथे ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी लावावी. कुंड्या तापलेल्या स्लॅबवर ठेवू नका, खाली विटा द्या. या दिवसांत रासायनिक खत अजिबात घालायचं नाही. झाड वाढवायचं नाही, फक्त टिकवायचं आहे.

कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड येते. पानांवर बारीक फिकट ठिपके, मागच्या बाजूला धूळ बसल्यासारखं आणि जवळून पाहिलं तर जाळी. पानांच्या खालच्या बाजूवर दोन-तीन दिवसांआड सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरीही हटली नाही तर एका लिटरला ५ मिली निंबतेल आणि १ मिली पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. भर उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात.

जून-जुलै: कलमं

जगलेल्या काश्यांनाच मोठ्या कुंडीत लावून फुलं घेता येतात, पण शेंड्याची कलमं करणं जास्त चांगलं. काशीच्या मुळाबरोबर जुन्या मातीतले रोग येतात. कलम स्वच्छ असतं, आणि सगळी झाडं एका उंचीची, एका वयाची होतात.

पावसाला सुरुवात झाल्यावर कोवळा, पण दाबला तर लगेच न चिरडणारा शेंडा निवडा. ७ ते ८ सेंटिमीटर लांबीवर, डोळ्याच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) लगेच खाली स्वच्छ ब्लेडने कापा. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढा. कळी दिसत असलेला शेंडा घेऊ नका. टोक मूळ फुटण्याच्या पावडरीत बुडवलं तर काम लवकर होतं, नाही बुडवलं तरी शेवंतीला मुळं येतात. धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घेऊन ट्रेमध्ये भरा आणि त्यात कलम २ ते ३ सेंटिमीटर खोल खोचा, बाजूची वाळू बोटांनी घट्ट करा. सावलीत ठेवा, दिवसातून दोनदा पानांवर हलकं पाणी शिंपडा. साधारण १५ ते २० दिवसांत मुळं येतात. कलम हलकेच ओढून पाहिलं आणि त्याने धरून ठेवलं तर समजावं. पानं टवटवीत पण देठ खाली काळं पडत असेल तर ओल जास्त झाली आहे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर ही ट्रे छपराखालीच हवी. सतत पावसात वाळूसुद्धा निथळत नाही.

कुंडी आणि माती

जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कायमच्या कुंडीत लावा. दहा इंची कुंडीत एकच झाड, मग जात बारीक फुलांची असो की मोठ्या. दाटीने तीन-चार लावली तर भरगच्च दिसतात, पण हवा खेळत नाही आणि रोग सगळ्यांना एकदम होतो.

मिश्रण: दोन भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. दर कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड आणि दोन चमचे हाडांचा चुरा. नुसती काळी माती वापरू नका. ती पावसात चिकटून बसते, मग तडकते, आणि शेवंतीची तंतुमय मुळं दोन्हींत तुटतात. काळी मातीच हाताशी असेल तर वाळूचं प्रमाण दुप्पट करा. जमिनीत लावायची असेल तर १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा, दोन झाडांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा.

शेंडा खुडणं

सगळ्यात जास्त फरक याच कामाने पडतो, आणि टाळलंही हेच जातं, कारण वाढत्या झाडाचा शेंडा तोडायला हात धजत नाही. शेंडा खुडला नाही तर एकच उंच काडी वाढते, टोकाला चार फुलं येतात आणि पहिल्या वाऱ्यात ती आडवी होते.

झाड १५ सेंटिमीटर झालं की टोकाचा दोन सेंटिमीटर भाग नखाने खुडा. खाली पाच-सहा पानं राहिली पाहिजेत. त्यांच्या बेचक्यांतून तीन-चार फांद्या फुटतात. त्या बोटभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा. बारीक, सुट्या फुलांच्या जातींना असं दोनदा करावं. झिप्री, रेवडी अशा गुच्छाने फुलणाऱ्या जाती यानेच घुमटासारख्या होतात. काश्या लवकर, जूनमध्येच मोठ्या कुंडीत लावल्या असतील तर तिसरी खुडणीही बसते.

उशीर मात्र करू नका. शेवटची खुडणी ऑगस्टअखेर, फार तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर खुडलं तर कळी धरायची फांदीच तुटते आणि बहर लांबतो.

एका फांदीवर एकच मोठं फूल घ्यायच्या जातींचं गणित उलटं. तिथे एकदाच खुडून तीनच फांद्या ठेवायच्या, प्रत्येकीला काठीचा आधार द्यायचा आणि ऑक्टोबरमध्ये कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की टोकाची मधली कळी ठेवून बाजूच्या सगळ्या काढून टाकायच्या. मधल्या कळीला काही इजा झालेली असेल तर तिच्या शेजारची ठेवा. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने न खुडता, आधार न देता आपोआप गोल होणाऱ्या बुटक्या जाती काढल्या आहेत. वेळ कमी असणाऱ्यांनी रोपवाटिकेत त्या मागाव्यात.

रात्रीचा अंधार

शेवंतीला कळी धरायची खूण लांब रात्रीतून मिळते. पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरमधला लहान दिवस अकरा तासांचा. सप्टेंबरपासून रात्र लांबत जाते, हवा गार होते आणि बहुतेक जाती कळ्या धरतात. ही रात्र सलग अंधारी हवी. बाल्कनीसमोर रस्त्याचा दिवा असेल किंवा गच्चीवरचा बल्ब रात्रभर जळत असेल, तर झाड नुसतं पानांनी वाढत राहतं. खत बदललं, पाणी बदललं तरी कळी येत नाही, आणि कारण डोक्यावर लटकत असतं. कुंडी दिव्याच्या आड हलवा. हलवता येत नसेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सहा ते सकाळी सातपर्यंत जाड काळ्या कापडाने झाका, कळ्या स्पष्ट दिसू लागेपर्यंत. कापड सकाळी काढायला विसरू नका, आत हवा कोंडून भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते.

दिवसा मात्र किमान पाच-सहा तास थेट ऊन हवंच.

खत-पाणी

पहिल्या खुडणीपासून कळी दिसेपर्यंत दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत, एका लिटरला २ ग्रॅम, ओल्या मातीत द्या. सेंद्रिय पद्धतीत शेंगदाण्याची पेंड १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवा, गाळा आणि दहापट पाणी घालून दर कुंडीला एक मोठा पेला द्या. वास येतो, पण झाडाला मानवतं. कळ्या दिसल्या की नत्र थांबवा आणि ०:५२:३४ हे नत्र नसलेलं विद्राव्य खत एका लिटरला १ ते २ ग्रॅम, दोनदा. पाकळ्यांचा रंग दिसू लागला की खत पूर्ण बंद. नत्र जास्त झालं की पानं गर्द, रसरशीत, मोठी होतात, मावा ही कीड तुटून पडते आणि फुलं कमी व सैल येतात.

पाणी सकाळी, बुंध्याशी. पानांवर ओतू नका.

रोग आणि कीड

खालची पानं आधी पिवळी, मग त्यांवर काळे-तपकिरी ठिपके आणि ती लोंबत खोडालाच चिकटून राहतात: हा पानावरच्या ठिपक्यांचा रोग. मातीवरून उडालेल्या थेंबांनी तो खालून वर चढतो. मातीला टेकलेली पानं काढून टाका, मातीवर वाळलेल्या गवताचं आच्छादन घाला, आणि लागण झालीच तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक एका लिटरला २ ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. कोवळ्या शेंड्यांवर काळसर मावा दिसला तर आधी पाण्याने धुवा, मग ५ टक्के निंबोळी अर्क. पांढऱ्या भुरीसाठी पाण्यात मिसळणारं गंधक एका लिटरला २ ग्रॅम, पण निंबतेलाच्या फवारणीनंतर पंधरा दिवस गंधक वापरू नका, पानं जळतात. कळ्या तपकिरी होऊन अर्धवट उघडत असतील तर कळी फोडून पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, चपळ, लांबट किडे पडले तर ते फुलकिडे. निळे चिकट सापळे लावा आणि खराब कळ्या लगेच तोडा.

एखादंच झाड एका बाजूने सुकत गेलं आणि खोड कापल्यावर आत तपकिरी रेघ दिसली, तर तो मर रोग आहे. ते झाड मातीसकट काढा आणि त्या मातीत पुन्हा शेवंती लावू नका.

विकत आणलेली फुललेली कुंडी

दिवाळी-मार्गशीर्षात मिळणाऱ्या छोट्या, घट्ट शेवंतीच्या कुंडीत सहसा एकच झाड नसतं, चार-पाच कलमं एकत्र लावलेली असतात. शिवाय बऱ्याचदा उंची रोखणारं औषध दिलेलं असतं. पुढच्या वर्षी तीच शेवंती दुप्पट उंच झाली तर जात बदललेली नाही, औषधाचा परिणाम संपला आहे. त्या कुंडीत बहुतेकदा नुसतं कोकोपीट असतं, ते वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं, म्हणून कुंडी उचलून वजनावरून पाणी ठरवा. बहर संपल्यावर कलमं सुटी करून वर सांगितलेल्या मातीत वेगवेगळी लावा.

अमेरिकेत, कॅनडात किंवा युरोपात राहणाऱ्यांनी शरद ऋतूत दुकानात मिळणारी थंडी सोसणारी शेवंती निवडावी आणि बर्फ पडण्याच्या निदान दीड-दोन महिने आधी जमिनीत लावावी, म्हणजे मुळं धरतात. तिथे वाळलेल्या काड्या हिवाळ्यापूर्वी कापायच्या नाहीत. त्या तशाच ठेवून वर पानांचं जाड आच्छादन घालावं आणि वसंतात नवे फुटवे दिसल्यावरच छाटणी करावी. खुडणीही तिथे लवकर संपते, जुलैच्या सुरुवातीला.

शेवंतीचा चीक काहींच्या त्वचेला सोसत नाही, खाज आणि चट्टे येतात. बऱ्याच झाडांचे शेंडे एकदम खुडायचे असतील तर हातमोजे घाला. घरात मांजर-कुत्रं असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला येणार नाही अशी ठेवा, पानं खाल्ली तर त्यांना उलट्या होतात.