सोबत्यांना न सोडणारं तट्टू एकटं चालवायचं कसं?

माथेरान-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं रांगेत चाललेलं तट्टू स्वारीसाठी घेतलं की ही अडचण बहुधा येतेच. पुढे दुसरा घोडा असला की ते शहाण्यासारखं चालतं. एकटं काढलं की फाटकातच अडतं, खिंकाळतं, गर्रकन मागे वळतं. याला हट्ट म्हणू नका. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, कळपापासून तुटणं त्याला जिवावरचं वाटतं. अशा वेळी छडी चालवली तर सोबतही सुटली आणि वर मारही बसला, एवढंच ते लक्षात ठेवतं.

आधी काही दुखत नाही ना, ते बघा. खोगीर बसतं तिथे कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबत जा. पाठ खाली दबली किंवा तट्टू चावायला वळलं, तर खोगीर लागत असणार. दात वर्षातून एकदा पशुवैद्याकडून तपासून घ्या; दाढांच्या धारदार कडा गालाला टोचत असतील तर लगाम घेताच डोकं वर जातं.

पहिलं काम जमिनीवरून, पाठीवर न बसता. मोरकी (डोक्या-तोंडाभोवती बांधायची दोरी), 10 ते 12 फुटांचा दोर, हातमोजे आणि हेल्मेट घ्या. दोर हाताला कधीही गुंडाळू नका. तट्टूच्या खांद्याजवळून चालत त्याला सोबत्यापासून दूर न्यायला लागा आणि कानांवर लक्ष ठेवा. मान उंच होणं, नाकपुड्या फुगणं, सारखी पातळ लीद टाकणं या उशिराच्या खुणा. त्याच्या बऱ्याच आधी पावलं आखूड होतात आणि एक कान सोबत्याकडे वळतो, तो तुमच्याकडे परत येत नाही. तिथेच थांबा, आजचा पल्ला इतकाच. मान खाली येऊन ते सावकाश फुरफुरेपर्यंत उभे राहा, मग तुम्ही होऊन परत फिरा. खिंकाळताच परतलात तर खिंकाळलं की घरी जाता येतं हे ते शिकेल. पार बिथरेपर्यंत ओढत नेलंत तर उद्या फाटकातूनच निघणार नाही. रोज 15-20 मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस पुरे. पल्ला पाच पावलांनी वाढला तरी चालेल, आणि अधूनमधून तो मुद्दाम कमी ठेवा.

मागे राहणाऱ्या घोड्यापुढे वैरण टाका, आणि शक्यतो तोही एकटा पडू देऊ नका. त्याच्या हाका सुरू झाल्या की तुमची मेहनत वाया जाते.

मग पाठीवर बसून, पण शांत अशा एकाच घोड्याच्या सोबतीने. कधी पुढे, कधी बाजूला, कधी मागे. अंतर एका घोड्याच्या लांबीपासून हळूहळू वाढवत न्या. पुढे वाट फुटते तिथे दोघे वेगळ्या वाटांनी जा आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा भेटा. सोबती नजरेआड होऊन परत येतो, हे तट्टूला इथे कळतं. हा टप्पा घाईने उरकू नका.

पहिली एकट्याची फेरी दहा मिनिटांची, ओळखीच्या वाटेने आणि जमल्यास गोल. गेलो त्याच वाटेने परतायचं असेल, तर वळण्याची जागा रोज बदला. दूरच्या टोकाला लगाम सैल सोडून दोन मिनिटं विसावा द्या, चरू द्या. परतल्यावर लगेच चंदी (दाण्याचं खाणं) नको. खोगीर उतरवा, खरारा करा, अर्ध्या तासाने चंदी द्या. नाहीतर घराची ओढ आपणच वाढवतो.

अडलं तर टाचा मारत बसू नका. लगामाने मान एका बाजूला वळवा, एक पाऊल तिरकं टाकायला लावा आणि ते टाकताच दाब काढा. घराकडे तोंड होताच दुडकी धरली तर दोन्ही लगाम ताणून धरू नका. ते त्यावर टेकून आणखी जोर करतं. जागा असेल तर सुमारे 10 मीटरचं वर्तुळ घ्या, कदम चाल (साधं चालणं) आली की लगाम ढिला. भीती वाढतच असेल तर उतरून खांद्याजवळून चाला, यात कमीपणा नाही. पुढचे पाय उचललेच तर पुढे झुका, आयाळ धरा, लगाम सोडा. असं पुन्हा झालं तर जाणकार प्रशिक्षकाला बोलावल्याशिवाय त्यावर बसू नका.

एखादा दिवस बिघडला, तर दुसऱ्या दिवशी ते जिथपर्यंत शांत राहिलं होतं त्या अंतरापासून पुन्हा सुरुवात करा.