शीतपेयाची चव बाटलीमुळे बदलते का, हे घरी कसे तपासावे

एकच शीतपेय काचेच्या बाटलीतून सर्वांत चांगले लागते, कॅनमधले जास्त झणझणीत असते आणि प्लास्टिकच्या बाटलीतले मिळमिळीत असते, असे ठामपणे सांगणारे बरेच जण भेटतात. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये, पण जसेच्या तसे मानूही नये. कारण बाटली बदलली की पेयातला वायू, तापमान, वय आणि कधी कधी गोडीसाठी वापरलेला पदार्थही बदललेला असतो, आणि या सगळ्यांचे श्रेय किंवा खापर एकट्या बाटलीवर येते. हे घटक एकेक करून बाजूला काढले, तरच बाटलीचा स्वतःचा वाटा किती ते कळते. त्यासाठी एक मदतनीस, एक फासा आणि थोडा संयम पुरेसा आहे.

काय शोधायचे ते आधी ठाऊक असावे. काच पेयाला काही देत नाही आणि त्यातून काही घेतही नाही. तिच्यातून वायूही निसटत नाही, मात्र पारदर्शक काचेतून प्रकाश आत शिरतो. कॅन प्रकाश आणि वायू दोन्ही अडवतो. त्याच्या आतल्या बाजूला पॉलिमरचा पातळ थर दिलेला असतो, कारण कोलाचा पीएच साधारण २.५ म्हणजे चांगलाच आम्लयुक्त असतो आणि उघडे ॲल्युमिनियम त्यात टिकले नसते. म्हणून कॅनमधल्या पेयाला धातूची चव येते असे वाटते तेव्हा ती पेयात उतरलेली असण्यापेक्षा ओठाला लागणाऱ्या कडेची असण्याची शक्यता अधिक असते.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते प्लास्टिकच्या बाटलीकडे. ही बाटली पीईटी नावाच्या प्लास्टिकची असते आणि तिच्या भिंतीतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू, झाकण घट्ट असतानाही, बाहेर जात राहतो. लहान बाटलीत पेयाच्या मानाने भिंतीचे क्षेत्रफळ जास्त असल्यामुळे तिचा वायू मोठ्या बाटलीपेक्षा लवकर कमी होतो आणि उष्णतेत तर हा वेग आणखी वाढतो. याशिवाय पीईटी वितळवून बाटली घडवताना ॲसिटाल्डिहाइड हा फळासारख्या वासाचा पदार्थ अत्यल्प प्रमाणात तयार होतो आणि तो पेयात उतरू शकतो. साध्या पाण्यात तो एखाद्याला जाणवेल. कोलाच्या तीव्र स्वादात तो ओळखणे फार कठीण.

वायू कमी होणे म्हणजे केवळ बुडबुडे कमी होणे नव्हे. जिभेवरील आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक विकर असते आणि ते कार्बन डायऑक्साइडचे आम्लात रूपांतर करते, असे २००९ मध्ये उंदरांवरील संशोधनातून दिसून आले. उंचीवरचा त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइड घेणाऱ्या गिर्यारोहकांना शीतपेय बेचव लागते, याचे कारणही हेच की ते औषध या विकराला रोखते. तेव्हा वायू उतरला की पेयाचा आंबटपणा आणि चरचर दोन्ही उतरतात, आणि तेच पेय अधिक गोड भासू लागते.

आता तयारी. एकाच कंपनीचे एकच पेय दोन वेगळ्या प्रकारच्या बाटल्यांत घ्यावे आणि दोन्हींवरची घटकांची यादी शब्द न् शब्द ताडून पाहावी; एकात उसाची साखर आणि दुसऱ्यात मक्याचे सिरप असेल तर ती तुलना बाटल्यांची राहत नाही. उत्पादनाच्या तारखाही शक्य तितक्या जवळच्या असाव्यात. कृत्रिम गोडी असलेली पेये पहिल्या प्रयोगासाठी टाळलेली बरी, कारण ॲस्पार्टेम काळाबरोबर आणि उष्णतेने विघटित होऊन त्याची गोडी कमी होते. दोन्ही बाटल्या फ्रिजच्या एकाच कप्प्यात रात्रभर ठेवाव्यात. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण ० अंशाला पाणी जेवढा कार्बन डायऑक्साइड सामावून घेते त्याच्या जवळपास निम्माच २० अंशाला सामावू शकते, शिवाय गारव्यात गोडी कमी जाणवते. त्यामुळे तापमानातला थोडा फरकही सगळा निष्कर्ष फिरवू शकतो.

चाचणीसाठी तीन पेले वापरावेत, दोनांत एकच पेय आणि तिसऱ्यात वेगळे. पेले एकसारखे, शक्यतो चिनी मातीचे असावेत आणि साबणाचा वास राहणार नाही इतके स्वच्छ धुतलेले असावेत. कागदी कपांना स्वतःचाच वास असतो. मदतनिसाने दुसऱ्या खोलीत पेला तिरका धरून दोन्ही पेये सारख्याच संथपणे ओतावीत, कारण उंचावरून ओतलेल्या पेयातला बराच वायू तिथेच निघून जातो. तीन पेल्यांच्या मांडणीचे एकूण सहा क्रम होऊ शकतात. प्रत्येकाला फाशाचा एकेक आकडा नेमून द्यावा आणि जो आकडा पडेल त्या क्रमाने पेले मांडावेत. माणसाने मनाने ठरवलेल्या क्रमात नकळत एक सवय डोकावते, म्हणून फाशाचा आग्रह. पेले ठेवून मदतनिसाने बाजूला व्हावे. चेहऱ्यावरूनही उत्तर कळते.

चाखणाऱ्याने डावीकडून उजवीकडे एकेक घोट घ्यावा, मध्ये साध्या पाण्याने चूळ भरावी आणि वेगळा पेला कोणता ते सांगावे. खात्री नसली तरी उत्तर द्यायचेच. कोणता पेला आवडला हे इथे विचारूच नये, कारण फरक ओळखता येत नसेल तर आवडीला अर्थ उरत नाही. अशा सहा फेऱ्या कराव्यात आणि सर्व फेऱ्या संपेपर्यंत बरोबर-चूक सांगू नये. निव्वळ अंदाजाने दर तीन फेऱ्यांमागे एक उत्तर बरोबर येतेच. परंतु सहापैकी पाच किंवा सहा उत्तरे अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २ टक्क्यांहूनही कमी असते. चार बरोबर आली तर आनंद आवरावा, कारण अंदाजाने चार किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे १० टक्के आहे. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा फेऱ्या घ्याव्यात.

फरक ओळखता आला तर खरी गंमत पुढे आहे. दोन्ही पेये ढवळून त्यांतला वायू पूर्ण घालवावा, ती पुन्हा सारखी गार करावीत आणि हीच चाचणी नव्याने घ्यावी. आता फरक नाहीसा झाला तर तो वायूचा होता. तो टिकला, तर मात्र बाटलीतून उतरलेला एखादा वास, प्रकाशाचा परिणाम किंवा पेयाचे वय यांचा विचार करावा लागतो.

पेल्यातून फरक ओळखता आला नाही, तरी थेट बाटलीतून पिताना जाणवणारा फरक खोटा ठरत नाही. कॅनच्या लहान तोंडातून पिताना पेयाचा वास नाकाशी फारसा पोहोचत नाही आणि काचेची जड, गार बाटली हातात असताना मनाची अपेक्षाही वेगळी असते. वासाचा वाटा पाहायचा असेल तर एक घोट नाक दाबून आणि दुसरा नाक मोकळे ठेवून घ्यावा. माझ्या मते ताजे, गार आणि पेल्यात ओतलेले पेय काचेचे की कॅनचे हे ओळखणे बहुतेकांना जमणार नाही, पण उन्हात पडून राहिलेली लहान प्लास्टिकची बाटली मात्र कोणीही ओळखेल. म्हणून प्लास्टिकचीच बाटली घ्यायची असेल तर मोठी घ्यावी, तारीख अलीकडची पाहावी आणि झाकण उघडण्यापूर्वी ती चांगली गार करावी.