माळावर खड्डे काढण्याआधी

दर पावसाळ्यात पुण्याहून बस भरून माणसं आमच्याकडे झाडं लावायला येतात. खड्डे जेसीबीने आधीच काढलेले असतात. तासाभरात ग्लिरिसिडिया लावायचा, फोटो काढायचे आणि वाटेत मिसळ खाऊन परत. त्या खड्ड्यांत पवन्या आणि मारवेल ही माळाची गवतं असतात, ती सगळी मुळासकट उपटून निघालेली असतात, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मी सुप्याजवळची जिरायती शेतकरीण. धाकटा दीर हडपसरला कंपनीत आहे आणि सुट्टीला आला की विचारतो, "वहिनी, गावासाठी काय करू?" त्याला सांगते तेच इथे लिहिते.

आधी माळ समजून घ्या. बारामती, दौंड, इंदापूरच्या या पट्ट्यात वर्षाला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. मुरमावर वीतभर माती. तिला धरून ठेवतं ते गवत. चिंकारा आणि लांडगाही याच उघड्या रानावर जगतात. मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. हरणांना कुठली हद्द? ती गायरानातही येतात आणि आमच्या हरभऱ्यातही.

तेव्हा ग्रामसभेत ठराव घेऊन गायरानाचे चार भाग पाडा. दर पावसाळ्यात एक भाग चराईला बंद, गवताचं बी खाली पडेपर्यंत. मग विळ्याने कापणी. पुढच्या वर्षी दुसरा भाग. ठरावाच्या दिवशी धनगर मंडळींना बोलवायला विसरू नका, नाहीतर बंदी फक्त कागदावर राहते. शिवाय कुठला भाग कधी चारायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. कुसळी हे गवत कोवळं असतानाच चारावं लागतं. एकदा कुसळं धरली की ती लोकरीत घुसतात आणि मेंढीच्या कातडीला टोचत राहतात.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरती बिऱ्हाडं, कोकणाकडे उतरतात आणि जूनच्या सुमाराला परत येतात. रब्बीचं रान तेव्हा मोकळंच असतं. उघडीप बघून रात्री त्यात मेंढ्या बसवून घ्या. लेंडी-मूत जागेवर पडतं, ट्रॉलीचं भाडं वाचतं. किती रात्री आणि धान्य की रोख, हे आधी बोलून ठेवा. लांडग्याने मेंढरू मारलं तर ते जागचं हलवू न देता लगेच वनरक्षकाला कळवा. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते, आणि भरपाई मिळाली तरच लांडग्यावर कुणी विष घालत नाही.

आता ज्वारी, कारण आमच्याकडे गाव टिकतं ते तिच्यावर. पावसाळ्यात कुळवून रानात वाफे बांधा म्हणजे पाणी जागीच मुरेल. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. एकरी चार किलो बी पुरतं. किलोला चार ग्रॅम गंधक चोळा, काणी रोग येत नाही. वाण म्हणाल तर मध्यम-भारी जमिनीत मालदांडी, हलक्या रानात फुले अनुराधा. खरी मेख कोळपणीत, म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधली माती हलवण्यात आहे: तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं, आठव्यात दातेरी. शेवटचीला लोक कंटाळा करतात. पण डिसेंबरात काळ्या रानात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि उरलीसुरली ओल तिथूनच उडते. दातेरी कोळप्याने माती सुटते, भेगा बुजतात, आणि ताटं फुलोऱ्यापर्यंत तग धरतात. बैल नसतील तर भाड्याने आणा, पण ही पाळी चुकवू नका.

पाण्याचं मात्र एकट्याने काही होत नाही. शेततळ्याला कागद अंथरायचा आणि बोअर उपसून ते भरायचं, ही माझ्या मते उघड लूट आहे. शेजारच्या पुरंदरात विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर नायगावातून पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही जसेच्या तसे उचलण्यासारखे आहेत: पाणी माणशी अर्ध्या एकराला, घराला फार तर अडीच एकराला, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. उसाचं नाव निघालं की आमच्याकडे निम्मी सभा चहाला उठते. म्हणून तो मुद्दा पहिलाच घ्या.

पैशाचं म्हणाल तर पुणं दीड-दोन तासांवर आहे, त्याचा उपयोग करा. कडबनवाडी आणि शिरसुफळकडे वन विभागाची माळरान सफारी सुरू आहे. गावातली पोरं वाटाडे होऊ शकतात. थंडीत शहरातली माणसं हुरड्याला येतात. त्यासाठी मालदांडीला हात लावू नका, तिचा कडबा आणि दाणा घराला लागतो. हुरड्याची गुळभेंडी ज्वारी चार गुंठे वेगळी पेरा, तीही एकदम सगळी नाही. कणीस हुरड्यात जेमतेम आठवडाभर राहतं, म्हणून एकेक गुंठा आठ-आठ दिवसांच्या अंतराने टाका.