पिपटॅझ की मेरो? रक्तातल्या संसर्गावरची औषधं ताडून पाहताना

ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, रिपोर्ट वॉर्डात पोचला की लॅबचा फोन वाजतो. पलीकडे रेसिडेंट, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर असतो. "मॅडम, ई. कोलाय आहे. सेफट्रायॅक्झोन रेझिस्टंट, पण पिपटॅझसमोर एस आहे. मग मेरो कशाला वापरू?" पिपटॅझ म्हणजे पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरो म्हणजे मेरोपेनेम, दोन्ही अँटिबायोटिक. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, आर म्हणजे देत नाही. मायक्रोबायोलॉजिस्ट म्हणून मला हा प्रश्न आवडतो. मेरोपेनेम जपून वापरावं ही तळमळ त्यामागे असते. तरी रिपोर्टात दोन औषधांपुढे एस असला म्हणजे ती दोन्ही सारखी, असं धरून चालू नका. तो एस लॅबमधल्या काचेच्या बशीतला आहे. रुग्ण किती वाचले, हे वेगळं पाहावं लागतं.

त्यासाठी मी रेसिडेंटना मेरिनो चाचणी वाचायला लावते. ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांच्या रक्तात सेफट्रायॅक्झोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला होते आणि स्थानिक लॅबनुसार दोन्ही औषधं लागू पडत होती. चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी केली. तीस दिवसांत पिपटॅझच्या 187 पैकी 23 जण दगावले, मेरोच्या 191 पैकी 7. म्हणजे 12.3 टक्के आणि 3.7 टक्के.

आता हे आकडे वाचायचे कसे? आधी बघा, प्रश्न काय होता. 'पिपटॅझ मेरोपेक्षा फार वाईट नाही ना', एवढंच त्यांना तपासायचं होतं आणि पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल असं आधीच ठरलं होतं. ही मर्यादा सुरुवातीलाच शोधून पेन्सिलने खूण करा. निष्कर्ष तिच्याशिवाय कळत नाही. मग मोजलं काय ते बघा. मृत्यू मोजला असेल तर त्यात मतभेदाला जागा नाही. 'क्लिनिकल रिस्पॉन्स' मोजला असेल तर व्याख्या शोधा, ताप उतरला एवढ्यालाही काही जण यश म्हणतात. त्यानंतर रुग्ण कोण होते? मेरिनोत बहुतेकांचा संसर्ग लघवीच्या मार्गातून आलेला, आणि दगावलेल्यांपैकी बरेच जण मुळात कॅन्सरसारख्या गंभीर आजाराचे होते. नऊ देश होते, त्यात भारत नव्हता.

पुढे जंतू पुन्हा तपासले तेव्हा काही पिपटॅझला खरे दाद देणारे नव्हतेच. ते वगळल्यावर दरी कमी झाली. अनेक जंतूंकडे ओएक्सए-1 नावाचं, औषध तोडणारं एन्झाइम होतं. पिपटॅझमधलं टॅझोबॅक्टम अशा एन्झाइमना रोखायला असतं, पण ओएक्सए-1 त्याला फारसं जुमानत नाही. म्हणून लॅबला एस-आर विचारून थांबू नका, एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा, मागा आणि ती कोणत्या पद्धतीने काढली तेही विचारा. माझ्यापुरतं बोलायचं तर, असा जंतू रक्तात सापडला आणि रुग्ण अत्यवस्थ असला, तर मी मेरोच सुचवते. लघवीतल्या साध्या संसर्गाला हा नियम लावत नाही.

मेरोलाही दाद न देणाऱ्या जंतूंचं गणित निराळं. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक एकटं द्यायचं की सोबत मेरोपेनेम, हे 406 रुग्णांत तपासलं गेलं. चौदाव्या दिवशी उपचार फसल्याचं प्रमाण अनुक्रमे 79 आणि 73 टक्के, हा फरक ठाम म्हणता येईल असा नव्हता. पण त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक जंतू असिनेटोबॅक्टर होते. तुमच्या पेशंटच्या बाटलीत क्लेब्सिएला असेल तर हा निकाल त्याला जसाच्या तसा चिकटवू नका.

आपल्याकडे तर आणखी एक अट आहे. एनडीएम आणि ओएक्सए-48 ही कार्बापेनेमेज, म्हणजे मेरोसारखी औषधं तोडणारी जंतूंची एन्झाइम. त्यातलं कोणतं आहे, हे कळल्याशिवाय सेफटॅझिडीम-अविबॅक्टम या जोड-औषधाची कशाशीही तुलना करू नका. ओएक्सए-48 ला ते रोखतं, एनडीएमपुढे एकटं हरतं. एनडीएम अॅझ्ट्रिओनाम या अँटिबायोटिकला तोडत नाही. त्याला तोडणाऱ्या इतर बहुतेक एन्झाइमना अविबॅक्टम अडवतं, म्हणून तिथे सेफटॅझिडीम-अविबॅक्टम आणि अॅझ्ट्रिओनाम मिळून देतात. तेव्हा कल्चर पॉझिटिव्ह झाल्याचा फोन आला की लगेच विचारा, "कार्बापेनेमेज टेस्ट लावली का, आणि उत्तर कधी येईल?"