पुस्तक पाठ असलेल्यांनी हंगर गेम्सचा सिनेमा कसा बघायचा

आधीच सांगते, मी पुस्तकवाली आहे. गोष्ट थोडक्यात अशी, की सत्ताधारी कॅपिटॉल दरवर्षी बारा डिस्ट्रिक्टमधून चिठ्ठ्या काढून चोवीस मुलं निवडतं आणि टीव्हीवर सगळ्या देशासमोर त्यांना एकमेकांना मारायला लावतं, आणि नायिका कॅटनिस त्यात उतरते. सुझान कॉलिन्सच्या या मालिकेतलं पहिलं पुस्तक २००८ चं, सिनेमा आला २०१२ ला, आणि थिएटरमध्ये शेजारी बसलेल्या मावसभावाला मी दर पाच मिनिटांनी "पुस्तकात असं नाहीये" सांगून इतका पिडला की इंटरव्हलला समोसा आणायला गेला तो परत येऊन दोन रांगा मागे जाऊन बसला. तर खालचं सगळं चुका करून शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी, सिनेमाच्या आदल्या आठवड्यात पुस्तक परत वाचायचं नाही. मोह होतो, माहितीये. पण ताजं वाचून गेलं की डोकं नुसतं हजेरी घेत बसतं, मॅज कुठाय, महापौरांची मुलगी गायबच केली का, मॉकिंगजे पक्ष्याची पिन तिने द्यायची होती आणि इथे कॅटनिसला ती हॉब नावाच्या काळ्या बाजारात मिळते वगैरे. गेली मॅज, जाऊ दे. त्या पिनचा जुना इतिहास दुसऱ्या पुस्तकात कळतो तो गेला याचं वाईट वाटतंच, पण सिनेमात कॅटनिस ती धाकट्या बहिणीला, प्रिमला देते आणि निरोप घेताना प्रिम तिला ती परत देते, आणि बघताना ते बरोबर लागतं, उगाच खोटं कशाला बोलू.

दुसरं म्हणजे आख्खं पुस्तक कॅटनिसच्या डोक्यातून आहे, "मी पळतेय, मी बघतेय" असं चालू काळात, आणि कॅमेऱ्याला डोक्यात शिरता येत नाही. याचा सगळ्यात मोठा फटका गुहेच्या सीनला बसतो. पुस्तकात ती तिच्याच डिस्ट्रिक्टच्या पीटाला किस करते, वरून प्रायोजकांच्या पैशातलं सूपचं भांडं उतरतं आणि ती लगेच हिशोब मांडते की एका किसला एक भांडं, बाहेरून मदत पाठवणाऱ्या त्यांच्या गुरूला, हेमिचला हेच सांगायचंय. सिनेमात हेमिच चिठ्ठी पाठवतो, याला किस म्हणतेस का अशा अर्थाची. गंमत म्हणून ठीक, पण न वाचलेल्याला ती सरळ लव्हस्टोरीच वाटते. तेव्हा हा सीन बघताना मनात एवढंच धरायचं की सगळा देश त्यांना बघतोय आणि हे तिला माहितीये, मग जेनिफर लॉरेन्सच्या चेहऱ्यावर बरंच काही दिसतं.

उलट सिनेमा जिथे तिच्या डोक्याबाहेर पडतो तिथे भांडू नका, बघा. कंट्रोल रूममध्ये खेळ चालवणारे गेममेकर आरामात बसून जंगलाला आग लावतायत, त्यांचा मुख्य सेनेका क्रेन आणि राष्ट्राध्यक्ष स्नो बागेत गुलाबांमध्ये उभे राहून आशा आणि भीतीवर बोलतायत, यातलं काहीच पुस्तकात नाही कारण कॅटनिस तिथे नसतेच. आणि शेवटी सेनेका बंद खोलीत त्या विषारी बेरींच्या वाटीसमोर! एक अक्षर न बोलता. मला विचाराल तर हा सीन पुस्तकात असता तर मी पान दुमडून ठेवलं असतं.

पावाचं मात्र मी माफ केलेलं नाही. खेळात कॅटनिसची साथीदार झालेली छोटी रू मेल्यावर पुस्तकात तिच्या डिस्ट्रिक्ट ११ कडून कॅटनिसला पाव येतो, ज्यांच्याकडे स्वतःला खायला नाही त्यांनी पैसे जमवून पाठवलेला. सिनेमात त्याऐवजी तिथे दंगल होते. दंगल दाखवायला सोपी, दिसते मोठी, मान्य. पण पाव तो पाव. (रूवरून आठवलं, तिच्या भूमिकेत कृष्णवर्णीय कलाकार घेतला म्हणून तेव्हा ऑनलाइन घाणेरडी बडबड झाली होती, पुस्तकात तिचा रंग स्पष्ट गडद तपकिरी लिहिलाय, आता बोला.)

आणि इथेच माझी खरी तक्रार येते. नावातच भूक आहे आणि सिनेमात भूक दिसत नाही. हिरोइन उपाशी वाटण्याइतकी बारीक नाही, ही तेव्हाची चर्चा फालतू होती, मी त्याबद्दल बोलत नाहीये. मी बोलतेय टेसेराबद्दल, म्हणजे धान्याच्या बदल्यात टाकायच्या जास्तीच्या चिठ्ठीबद्दल. बाराव्या वर्षापासून दरवर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, खेळासाठी नावं काढतात त्या भांड्यात पडते, आणि घरात खायला नसेल तर जास्तीची चिठ्ठी टाकून एका माणसाचं वर्षभराचं थोडंसं धान्य आणि तेल मिळतं. कॅटनिसच्या घरी तीन माणसं, म्हणजे वर्षाला चार चिठ्ठ्या (एक नेहमीची, तीन धान्याच्या), पाच वर्षांत २०. तिचा मित्र गेल, त्याच्या घरी पाच, म्हणजे वर्षाला सहा, सात वर्षांत ४२. म्हणजे जितकी खाणारी तोंडं तितका मरायचा चान्स जास्त, आणि खात्यापित्या घरातल्या पोरांचं नाव मात्र मोजून तेवढंच. सिनेमात हे एकदोन वाक्यांत उरकलंय. पीटाने लहानपणी भुकेल्या कॅटनिसला दिलेल्या जळलेल्या पावाचा प्रसंगही तुकड्या तुकड्यांत दिसतो, पावसात बसलेली मुलगी दिसते, पण बाप खाणीत मेल्यावर घरात काय चाललं होतं ते वाचल्याशिवाय तो पाव एवढा मोठा का ते समजत नाही. तेव्हा हे गणित डोक्यात घेऊन बसा, मग रीपिंगला, म्हणजे नावं काढायच्या दिवशी, कॅपिटॉलची एफी त्या भांड्यात हात घालते तेव्हा पोटात गोळा येतोच.

बाकी छोट्या टिपा. पहिल्या भागात कॅमेरा फार हलतो, चोवीस मुलं एकमेकांना मारतायत आणि पीजी-१३ (तेराखालच्यांनी आईवडिलांच्या सल्ल्याने बघायचं) या रेटिंगमध्ये बसवायचंय म्हणून ते मुद्दाम असणार असं माझं मत, पण डोकं दुखणाऱ्यांनी टीव्हीपासून लांब बसा. दुसरा भाग, २०१३ चा, दिग्दर्शक बदलला, आणि मला तोच सगळ्यात आवडतो. आयमॅक्सवर तर कॅटनिस अरीनात वर येते तेव्हा चौकटच मोठी होते, पुन्हा कुठे लागला तर सोडू नका. तिसऱ्या पुस्तकाचे दोन सिनेमे केलेत, ते वेगवेगळे बघाल तर पहिला अर्धवट वाटेल, एकाच रविवारी बघा, मध्ये नीट जेवा. शेवटी गेममेकर प्लुटार्कचं पत्र हेमिच वाचून दाखवतो, कारण प्लुटार्कचं काम करणारे फिलिप सीमूर हॉफमन २०१४ मध्ये शूटिंग पुरं व्हायच्या आधीच गेले. हे माहीत असलं की तो सीन वेगळाच लागतो.

आणि सोबत न वाचलेला माणूस असेल तर सिनेमा चालू असताना तोंड बंद. संपल्यावर एकच प्रश्न विचारायचा, गेलचं नाव ४२ वेळा का होतं? सांगता आलं तर उत्तम, नाही आलं तर हातात पुस्तक द्यायचं. मावसभावाला सांगता आलं नाही. माझं पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे.