दुसऱ्याचं पाहून वस्तू घ्यायची सवय कशी मोडायची

आपल्याकडे सोयाबीन-कापसाचा पैसा हाती आला की भावकीत एकानं बुलेट घेतली म्हणजे दुसरा पण घेतेच, हप्त्यावर का होईना. याला नुसता हव्यास म्हणून चालत नाही भाऊ. रिचिन्स अन् डॉसन या संशोधकांनी १९९२ मध्ये वस्तूंची ओढ मोजताना तीन गोष्टी धरल्या, वस्तूला जीवनात किती मोठी जागा, वस्तूतून सुख मिळेल ही आशा, अन् वस्तूवरून माणसाचं यश ठरवणं. चढाओढ शिरते ती या तिसऱ्यातूनच. अन् फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडलं होतं की माणूस आपल्यासारख्याच माणसाशी स्वतःला ताडून पाहते, म्हणून अंबानीचं काही वाटत नाही, चुलतभावाचं वाटते.

तर घ्यायच्या आधी स्वतःला विचारा, गावात हे कोणालाच दिसणार नसतं तर घेतलं असतं का? विहिरीवरून वावरात टाकलेली पाईपलाईन मातीखाली जाते, कोणी पाहत नाही, तरी आपण टाकतोच न, कारण पाणी लागते. ट्रॅक्टरचंही तसंच तपासा, वर्षभराची नांगरटी, वखरणी, पेरणी भाड्यानं केली तर किती लागतात ते एका बाजूला लिहा, दुसऱ्या बाजूला हप्ते, डिझेल, दुरुस्ती, अन् दुसऱ्याच्या वावरात चालवून खरंच किती मिळतील तेही धरा, पण कमीच धरा. हप्त्याची तारीख पक्की असते, कापसाचा भाव नसते, हे विसरू नका.

लग्नाच्या खर्चाचा आकडा घरात बसून आधीच लिहा, सोयरे बसल्यावर नाही.

चढाओढ पूर्ण सोडा असं मी म्हणत नाही, ती सुटतही नाही. रिकमन या मानसशास्त्रज्ञानं तिचे दोन प्रकार वेगळे मोजले, कसंही करून दुसऱ्याला हरवायचंच ही १९९० मध्ये, अन् स्वतः सुधारायसाठी केलेली १९९६ मध्ये. आपल्याले दुसरी पाहिजे. वहीत मागच्या वर्षीचा एकरी उतारा अन् खर्च लिहून ठेवा अन् यंदा त्याच्याशीच भिडा.

पोरांसमोर तर 'त्याच्या पोराले किती मार्क पडले पाय' हे बंदच करा, त्यापेक्षा मागच्या चाचणीत गणितात काय अडलं होतं अन् आता काय जमते ते विचारा, अन् त्यासाठी रिझल्टची वाट पाहू नका.