कुंदा घरीच ठेवा: बेळगावहून रीगाला तीन रात्री

डिसेंबरात लॅटव्हियाची राजधानी रीगाला सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. तीन दिवसांत उजेड मिळतो जेमतेम वीस तास. म्हणून उघड्यावर काय बघायचं ते आधी ठरवा, बाकीचं अंधारात उरकतं.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा, शुल्क ९० युरो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. आपल्याकडं अडतं ते कागदांवर. शेताचा उतारा कन्नडमध्ये असतो. मालमत्तेचा पुरावा म्हणून तो जोडणार असाल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. थेट विमान नाही. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर शेंगेनची तपासणी तिथंच होते, तेव्हा पुढच्या विमानाला दोन तासांहून जास्त वेळ ठेवा.

युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. कुंदा, पेढे, तूप सगळंच त्यात आलं. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या.

कपड्यांत बेळगावची कानटोपी चालते, नुसता स्वेटर नाही. पारा बहुधा शून्याच्या आसपास असतो, कधी उणे १५ पर्यंतही उतरतो. अंगालगत सुती बनियन नको. ते घाम धरून ठेवतं आणि तुम्ही थांबलात की गार पडतं. आत लोकरी थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. दुकानं आणि हॉटेलं तापवलेली असतात, म्हणून पटकन उतरवता येतील असे थर बरे. बूट जाड मोजे घालूनच मापून घ्या. घट्ट बुटात रक्त नीट खेळत नाही आणि बोटं बधिर होतात. दिवसा वितळलेला बर्फ रात्री काचेसारखा गोठतो. त्यावर पावलं छोटी टाका, हात खिशाबाहेर ठेवा. छपरांवरून बर्फाचे सुळके कोसळतात, म्हणून फुटपाथवर पट्टी बांधलेली दिसली की वळसा घाला.

विमानतळावरून २२ नंबरची बस अर्ध्या तासात शहरात आणते. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, त्यामुळं पहाटे तीनलाच डोळे उघडतील. पडून राहा आणि उजाडायच्या आत सेंट्रल मार्केट गाठा. १९३० साली उघडलेल्या या बाजाराच्या पाच दालनांसाठी जर्मन झेपेलिनच्या, म्हणजे अवाढव्य हवाई जहाजांच्या, हँगरांचे सांगाडे वापरलेत. राईचा काळा, आंबूस पाव आणि आंबवलेला कोबी घ्या. करड्या वाटाण्यांची उसळ ओळखीची वाटेल, पण तीत डुकराचं मांस असतं. शाकाहाऱ्यांनी ‘बेझ गाल्यास’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करावं. बीटच्या सूपलाही हाच प्रश्न विचारा, रस्सा बऱ्याचदा मांसाचा असतो.

नऊनंतर आल्बर्टा रस्ता. तिथल्या बऱ्याच इमारती वास्तुविशारद मिखाईल आयझेन्श्टाइन यांच्या, तेव्हा मान वर करूनच चाला. सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्यात लिफ्ट ७२ मीटरवर नेते. तीनच्या आत चढा. संग्रहालयं अंधारासाठी राखून ठेवा, मात्र बरीचशी सोमवारी बंद असतात. आपलं यूपीआय तिथं धरून चालू नका, कार्ड आणि थोडे युरो ठेवा. फोन जाकिटाच्या आतल्या खिशात असू द्या. गारठ्यात चाळीस टक्के बॅटरी दिसत असतानाही तो बंद पडतो.